प्रू आणि प्रा: घानातल्या काळ्या माशीची ओळख पटवण्याच्या नोंदी

९ जून, अक्रा

कोल्हापूरला एम.एस्सी. करताना कायरोनोमस या डासासारख्या किड्याच्या अळीची लाळग्रंथी काढून गुणसूत्रांची स्लाइड करायचं प्रॅक्टिकल होतं. माझी स्लाइड बरी यायची. एक्स्टर्नलनी जर्नलवर सही करताना दोन शब्द कौतुकाचेही काढले होते. त्या भांडवलावर इथे आल्याच्या पहिल्याच दिवशी मी "स्क्वॅश मला येतो" असं सांगून बसले. स्क्वॅश म्हणजे ग्रंथी काचेखाली दाबून गुणसूत्रं पसरवणं. पुढच्या नोंदी वाचताना हे वाक्य लक्षात असू द्या.

काम दोन नद्यांचं आहे. एक प्रू, उत्तरेकडच्या गवताळ मुलखातली. तिच्या काठी आसुबेंडे नावाचं गाव. दुसरी प्रा, दक्षिणेच्या जंगलपट्ट्यातली. दोन्हीकडे सिम्युलियम डॅम्नोसम ही काळी माशी चावते आणि रिव्हर ब्लाइंडनेसचा जंत एका माणसातून दुसऱ्यात नेते. नाव एकच असलं तरी हा दिसायला सारख्या जातींचा गोतावळा आहे. १९६६ साली डनबर यांनी युगांडातल्या अळ्यांची गुणसूत्रं बघून यात चार वेगवेगळ्या जाती असल्याचं दाखवलं. १९७५ मध्ये वाजिमे आणि डनबर यांनी एकट्या पश्चिम आफ्रिकेतल्या आठ जाती मांडल्या, त्याही गुणसूत्रांवरूनच. गवताळ भागातल्या जातींबरोबर डोळे घालवणारा आजार जास्त दिसतो, म्हणून कोणत्या पाण्यात कोण वाढतंय आणि काठावर कोण चावतंय हे कळायला हवं.

घोळ असा की गुणसूत्रं नीट वाचता येतात ती अळीच्या लाळग्रंथीतली, आणि चावते ती मोठी मादी. मादीची ओळख बाहेरच्या खुणांवरून करायची: पंखाच्या बुडाशी असलेला केसांचा झुपका, शिंगांची (अँटेनांची) लांबी, पोटाच्या शेवटाकडचे केस. एकाच जिवाची दोन्ही उत्तरं कधीच हातात येत नाहीत. तेव्हा दोन वह्या घातल्या आहेत, एक अळ्यांची, एक माश्यांची.

१४ जून, आसुबेंडे

अक्र्याहून कुमासी, तिथून आटेबुबू, मग प्रांग आणि पुढे आत कच्चा रस्ता. पहाटे पाचला निघालो, पोचलो तेव्हा अंधार पडला होता. गाडीत ड्रायव्हर, मी आणि पापा. पापा आमचे जुने तंत्रज्ञ, निवृत्त होऊनही येतात. सगळी लॅब त्यांना पापाच म्हणते. पश्चिम आफ्रिकेत रिव्हर ब्लाइंडनेस थांबवायला या माशीविरुद्ध मोठी मोहीम १९७४ ते २००२ चालली, तिच्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. हेलिकॉप्टर दर आठवड्याला खळाळत्या पाण्यावर अळीनाशक टाकून जायचं, आणि पापा कमरेला दोर बांधून पाण्यात उतरायचे, अळ्या मेल्या का बघायला. दर आठवड्याला का, तर अळी पाण्यात असते जेमतेम आठ-दहा दिवस. एक खेप चुकली की माश्या उडाल्याच.

१५ जून, आसुबेंडे

सकाळी सातपासून माश्या पकडणारे दोघे काठावर बसले, आळीपाळीने, तासातासाने. पायजमा गुडघ्यापर्यंत वर, हातात छोटी काचेची नळी. माशी पायावर बसली की चावायच्या आत नळी उलटी टाकायची आणि बोटाने तोंड दाबायचं. बघायला सोपं वाटतं. मी तासभर करून बघितलं: सहा पकडल्या, चौघी चावून गेल्या. ही माशी डासासारखी गुणगुणत येत नाही. घोट्याजवळ बसते, कातडी खरवडते आणि उठते तेव्हा रक्ताचा बारीक लाल ठिपका मागे राहतो. खाज पुढे चार दिवस जात नाही. (पकडणाऱ्या दोघांना या आजारावरचं औषध, आयव्हरमेक्टिन, वेळेवर मिळतं, त्याची नोंद पापा स्वतः ठेवतात.)

अळ्या मी आणि पापांनी काढल्या. संथ पाण्यात त्या सापडत नाहीत. खडकावरून पाणी फेसाळत जातं तिथे लोंबणाऱ्या गवताच्या पात्यांना मागच्या टोकाने चिकटून, डोकं प्रवाहाच्या दिशेने सोडून उभ्या असतात. मागचं टोक फुगीर, गदेसारखं. पातं उचललं की काळपट बारीक वळवळ दिसते. ती चिमट्याने उचलून सरळ कार्नॉयमध्ये टाकायची. कार्नॉय म्हणजे अळी न कुजता टिकवणारं द्रावण: तीन भाग इथेनॉल आणि एक भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड, त्याच दिवशी मिसळलेलं.

एका बाटलीत मी दोनशेच्या वर अळ्या भरल्या, त्याही पाण्याने निथळत्या. पापा म्हणाले, "पुसून टाक." मी म्हटलं, "टिपकागद गाडीत आहे, संध्याकाळी बदलते."

१८ जून, अक्रा

पुसून टाकायला हव्या होत्या.

अळ्यांबरोबर गेलेल्या पाण्याने कार्नॉय पातळ झालं. बाटली उघडली तर आतलं द्रावण चहाच्या रंगाचं. अळ्या मऊ, सुई लावली की पोट फाटून आतलं सगळं पिठासारखं बाहेर. चाळीस अळ्या फोडून बघितल्या, एकही ग्रंथी अखंड निघाली नाही. बाकीच्या टाकल्या. डिझेल, दोन मुक्काम आणि मासेवाल्या बाईकडून घेतलेला बर्फ असा सगळा खर्च पाण्यात, तोही शब्दशः.

जे हे काम करणार असतील त्यांनी एका बाटलीत तीस-चाळीसच्या वर अळ्या घालू नयेत. टिपकागदावर एकदा लोळवून मगच आत टाकाव्यात. पहिलं कार्नॉय तासाभरात ओतून नवं घालावं, संध्याकाळी पुन्हा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. रंग यायचा थांबला की पुरे. आणि बाटली बर्फात ठेवायची, गाडीच्या डॅशबोर्डवर नाही.

नशीब की पापांनी न बोलता स्वतःची एक बाटली वेगळी भरली होती. तीस अळ्या, पुसलेल्या, घट्ट. तिच्यावर सध्या लॅब चालू आहे.

२२ जून

पापांच्या बाटलीतल्या सर्वांत गुबगुबीत अळ्या आधी निवडल्या. मोठी अळी म्हणजे मोठी ग्रंथी, असं माझं गणित.

पहिलीचं पोट चिरलं आणि आतून दोऱ्याचं भेंडोळं निघालं. पांढरा, लांब, शिवणाच्या दोऱ्याएवढा जाड जंत, अळीच्या पोटात गुंडाळून बसलेला. सुईने उलगडत गेले तर अळीच्या चौपट लांब. हा मर्मिथिड, अळीवरच जगणारा परजीवी. त्याने सगळी जागा खाल्ली की ग्रंथीला वाढायला काही उरत नाही. दुसऱ्या गुबगुबीत अळीत पांढऱ्या गाठी होत्या, पेढ्याच्या चुऱ्यासारख्या. तो मायक्रोस्पोरिडिया या सूक्ष्म परजीवींचा संसर्ग. तिसरीत पुन्हा जंत. माझी 'निवड' म्हणजे नेमक्या आजारी अळ्या वेचण्याची पद्धत ठरली.

आता पोट एकसारखं नितळ असलेल्या मध्यम अळ्याच घेते. खालून उजेड सोडला की जंताची वेटोळी बाहेरूनही दिसतात, दहा सेकंद थांबायची तयारी असेल तर.

२५ जून

निरोगी अळ्या घेतल्या, तरी स्लाइड घाण. ग्रंथीत चिकट, चकाकणारा रस इतका की गुणसूत्रं त्यात गुरफटून जातात.

चूक अशी: अळीच्या छातीच्या बाजूला पुढे होणाऱ्या कोषाच्या कल्ल्याची खूण दिसते. लहान अळीत ती पांढरट असते. वाढत जाते तशी तपकिरी आणि शेवटी काळीकुट्ट होते. काळी झाली म्हणजे अळी कोष विणायच्या बेतात आहे, ग्रंथी रेशमाने भरलेली आहे. मी काळ्या खुणेच्याच घेत होते, कारण त्या ओळखायला सोप्या. शेवटच्या अवस्थेत नुकतीच आलेली, खूण अजून पांढरी असलेली अळी घ्यायची.

म्हणजे तीस अळ्यांपैकी कामाच्या निघाल्या नऊ. काळ्या खुणेच्या अळ्या मात्र टाकू नका, अळीच्या बाहेरच्या खुणांसाठी त्या चांगल्या.

२९ जून

रंगवण्याचा दिवस. पद्धत फॉइल्गेनची: अळीचं पोट खालून चिरायचं, पाण्यात धुवायचं, ६० अंशांवर एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये दहा मिनिटं, मग तासभर शिफ या रंगवायच्या द्रावणात. ग्रंथीतली केंद्रकं जांभळट गुलाबी होतात, बाकी शरीर पांढरं राहतं. एकदा जमलं की ग्रंथी शोधावी लागत नाही, आपणहून दिसते.

पाचव्या मिनिटाला वीज गेली. इथे याला 'डुमसॉर' म्हणतात. आपल्याकडच्या लोडशेडिंगचा सख्खा भाऊ. पाण्याचं तापमान घसरत गेलं. मी अंदाजाने वेळ वाढवली, पंधरा मिनिटं ठेवलं. एका अळीची गुणसूत्रं फिकट गुलाबी, दोन अळ्यांची नुसती धूसर. नऊपैकी तीन गेल्या.

वर शिफ बघितलं तर बाटलीत हलका गुलाबी रंग. शिफ गवताच्या काडीसारखं किंवा बिनरंगी हवं. गुलाबी झालं की ते वापरायचं नसतं. कुणीतरी बाटली फ्रिजच्या दारात उजेडात ठेवली होती. कुणीतरी म्हणजे मीच. शिफ ज्यापासून बनतं ते बेसिक फुक्सिन नवीन मागवलं तर विक्रेता म्हणतो पाच आठवडे. शेजारच्या लॅबमधून दोन ग्रॅम उसने मिळाले, बदल्यात माझा कोल्हापुरी मसाला गेला. सौदा वाईट नव्हता.

आता ॲसिड थर्मासमध्ये गरम करून ठेवते. वीज गेली तरी दहा मिनिटं ६० अंश टिकतात, थर्मामीटर लावून तपासलंय.

४ जुलै

जमली.

सकाळची तिसरी अळी. पन्नास टक्के ॲसिटिक ॲसिडच्या थेंबात ग्रंथी ठेवली. कायरोनोमसच्या छोट्याशा पिशवीची सवय असेल तर ही ग्रंथी बघून गडबडायला होतं: लांब नळी, पोटाच्या शेवटापर्यंत जाऊन परत वळलेली, इंग्रजी यू अक्षरासारखी. मागच्या भागातली केंद्रकं मोठी, तेवढा तुकडा घ्यायचा. शेजारी जननग्रंथीही राहू द्यायची, तिच्यावरून नर-मादी कळतं. कव्हरस्लिप ठेवली, वर टिपकागद, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलक्या टिचक्या, शेवटी अंगठ्याने एकच सरळ दाब. अंगठा सरकला की गुणसूत्रं चोळामोळा होतात. माझा आजपर्यंत सरकत होता, कारण मी उभी राहून दाबत होते. आज बसून, कोपर टेबलावर टेकवून दाबलं.

चाळीसच्या भिंगाखाली तीन फिती, हो, तीनच. ड्रॉसोफिला या फळमाशीसारखी मध्यभागी एकत्र बांधलेली जुडी नाही. तीन सुटी गुणसूत्रं, आडव्या रेघारेघांची, जुन्या इरकलीच्या काठासारखी. प्रत्येकाला दोन बाहू, एक आखूड, एक लांब. मी आधी शोधला तो दुसऱ्या गुणसूत्राच्या आखूड बाहूतला बाल्बियानीचा कडा, फुगून पसरलेला, ओळखीचा माणूस गर्दीत दिसावा तसा. तिसऱ्याच्या आखूड बाहूत 'ब्लिस्टर' नावाचा फोड. या दोन खुणा सापडल्या की कोणतं गुणसूत्र कोणतं ते ठरतं आणि मगच पट्टे, म्हणजे त्या आडव्या रेघा, मोजायला लागायचं. मी पापांना हाक मारली. ते बराच वेळ भिंगात बघत राहिले आणि म्हणाले, "हम्. फोटो काढ. मग दुसरी कर."

१२ जुलै

आठवडाभर पट्टे वाचणं शिकते आहे. जाती ओळखायच्या त्या उलट्या झालेल्या तुकड्यांवरून. गुणसूत्राचा एक तुकडा कधीकाळी तुटून उलटा बसला, आणि एखाद्या जातीत तो तसाच कायमचा राहिला. अळीच्या दोन्ही प्रतींत तो उलटा असेल तर काही फुगत नाही, काही वळत नाही, फक्त पट्ट्यांचा क्रम मागून पुढे होतो. नकाशा शेजारी न ठेवता हे कळणं अशक्य. एकच प्रत उलटी असेल तर मात्र दोन्ही प्रती जुळायच्या खटपटीत तिथे फास पडतो, आणि तो नवशिक्यालाही दिसतो. म्हणून नवशिके फास शोधत बसतात. मीही तेच केलं. पहिल्या पाच स्लाइडवर फास नाही म्हणून मी "प्रमाण क्रम" असं लिहून मोकळी झाले. पापांनी नकाशा लावून दाखवलं की दुसऱ्याच्या लांब बाहूतला तुकडा पाचहीत सरळसरळ उलटा आहे. पाचही नोंदी खोडून परत लिहिल्या.

सल्ला: प्रत्येक बाहू टोकापासून वाचा, दिसणारा भाग आणि न दिसणारा भाग वेगळा लिहा. एक बाहू दुसऱ्यावर पडून झाकला असेल तर "वाचता आला नाही" असंच लिहा. माझ्या वहीत हे तीन शब्द आता सर्वांत जास्त वेळा आहेत.

प्रूच्या आतापर्यंतच्या वाचता आलेल्या अळ्या गवताळ गटाच्या: डॅम्नोसम खास (सगळ्या गोतावळ्याला जिचं नाव आहे ती जात) आणि सिरबॅनम, दोन्ही. अपेक्षित होतं.

१६ जुलै

प्राची फेरी. जंगलपट्ट्यातलं पाणी गढूळ, पण अळ्या भरपूर. पावसात भिजत सहा बाटल्या भरल्या, या वेळी पुसून, तीस-तीस. कार्नॉय तीनदा बदललं. इतकं शहाण्यासारखं वागल्याचं मलाच कौतुक वाटलं.

२१ जुलै

मध्ये माश्यांची वही. आसुबेंडेच्या माश्या मी सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवल्या होत्या. तिथेच फसले. पंखाच्या बुडाशी केसांचा झुपका असतो, त्याचा रंग बघायचा. गवताळ गटात तो फिकट, प्रामधल्या सँक्टिपॉलीसारख्या जंगली जातींत काळा, स्क्वॅमोसममध्ये मिसळ. ओल्या माशीत हे केस एकमेकांना चिकटून एक दोरा होतात आणि त्या दोऱ्याचा रंग दिव्यावर अवलंबून. मी साठ माश्यांची नोंद केली, दुसऱ्या दिवशी आधीची वही न बघता त्याच साठ परत बघितल्या. अकरा माश्यांना माझीच दोन उत्तरं.

मग माश्या टिपकागदावर वाळवल्या, वरून पडणारा उजेड, खाली एकदा पांढरा कागद आणि एकदा काळा. फिकट केस पांढऱ्यावर हरवतात, काळे केस काळ्यावर, दोन्हीवर बघायचं. झुपक्यातले केस मोजून किती काळे, किती फिकट ते लिहायचं. नुसतं 'मिसळ' लिहू नये. तिसऱ्या खेपेला वाद उरला चार माश्यांचा, आणि त्या चारही म्हाताऱ्या होत्या, पंखाच्या कडा फाटलेल्या, केस झडलेले. त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह.

पापांचा आणखी एक इशारा: कोषातून आत्ताच निघालेली माशीही फसवते, तिचा सगळाच रंग कच्चा असतो. एक दिवस जिवंत ठेवून मगच मारायची.

आणि झुपका फिकट आहे एवढ्यावरून मादी डॅम्नोसम की सिरबॅनम हे सांगता येत नाही. मी दोन दिवस शिंगांची मापं घेऊन तेही सांगायचा प्रयत्न केला. नुसता वेळ गेला. वहीत आता "गवताळ गट" एवढंच लिहिते.

२७ जुलै

आज जे झालं ते नीट लिहिते.

फ्रिजमध्ये प्रूच्या दुसऱ्या फेरीच्या (ती फेरी ड्रायव्हर आणि पापांनीच केली) पाच बाटल्या आणि प्राच्या सहा. लेबलं मी लावली होती, झाकणावर, मार्करने, मराठीत. प्रू-१, प्रू-२, प्रा-१, प्रा-२. माझी मला वाचता आली म्हणजे झालं, हा हिशेब. आज चार नंबरच्या बाटल्या काढल्या. कार्नॉय झाकणातून पाझरलं होतं आणि मार्कर धुऊन गेला होता. दोन बाटल्यांवर उरलंय फक्त 'प्र' आणि पुढे ४. एकीचा उकार गेला, एकीचा काना. कोणती कुठली?

आत लेबल नाही. दोन्हीत मिळून ५८ अळ्या.

मी म्हटलं, हरकत नाही, गुणसूत्रंच सांगतील. एकीतल्या सहा अळ्यांच्या स्लाइड केल्या: गवताळ गट. दुसरीतल्या पाच: सँक्टिपॉलीकडच्या. झालं की! पहिली प्रू, दुसरी प्रा. पेन काढून लेबल लिहायला घेतलं.

२८ जुलै

लिहिलं नाही. पापांनी हात धरला.

"जंगलातल्या नदीवर गवताळ जात आली आहे का, हे बघायलाच आपण गेलो होतो ना?" ते म्हणाले.

"हो."

"मग ती गवताळ दिसली म्हणून जंगलातली नव्हेच, असं तू कशी लिहितेस?"

मी वाद घातला. दुसरी बाटली जंगली निघाली, मग पहिली उरते प्रूची, एवढं साधं आहे, असं म्हटलं. पण दुसरीतही मी पाचच अळ्या बघितल्या होत्या, आणि तीही प्राची आहे हे मी गुणसूत्रांवरूनच ठरवत होते. या माश्या वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात, मोहिमेच्या काळात तीच मोठी डोकेदुखी होती. शिवाय जंगल तुटलं की गवताळ जाती दक्षिणेला सरकतात. एखादी बाटली खरोखरच प्राची असून तिच्यात गवताळ अळ्या निघाल्या, तर या प्रकल्पातली सर्वांत महत्त्वाची बाटली तीच. आणि मी तिच्यावर 'प्रू' लिहून ती बातमी स्वतःच्या हाताने पुसली असती. उत्तर बघून प्रश्नाचा कागद दुरुस्त करायचा हा प्रकार.

दोन्ही बाटल्या शिकाऊ मुलांच्या सरावासाठी दिल्या. ५८ अळ्या, अकरा तयार स्लाइड, त्यांतल्या चार तर माझ्या आजवरच्या सर्वांत सुंदर. वहीत त्या पानावर तिरकी रेघ.

संध्याकाळी कोल्हापूरच्या सरांना फोन केला. ते आधी हसले, मग म्हणाले, "अगं, एम.एस्सी.ला तुला जर्नलमध्ये लेबल पेन्सिलीनं लिहायला लावायचो, तेव्हा तू कुरकुरायचीस." हे मला आठवत नाही. त्यांना आठवतं.

९ ऑगस्ट, आसुबेंडे

प्रूची भरपाई फेरी. नदी फुगलेली. जूनमध्ये ज्या गवताला अळ्या होत्या ते आता दीड पुरुष पाण्याखाली. पहिला दिवस: सहा अळ्या, आणि माझी एक चप्पल वाहून गेली.

पापांनी गाडीतून नायलॉनची सुतळी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांच्या पट्ट्या काढल्या. काठच्या झाडांना बांधून पट्ट्या वाहत्या पाण्यात सोडल्या. अळ्यांना चिकटायला गुळगुळीत, खळाळात हलणारं काहीही चालतं. गाठी दोन ठिकाणी सुटल्या, एक पट्टी कुणीतरी शेळी बांधायला नेली. उरलेल्या आम्ही पाचव्या दिवशी काढल्या: १४० च्या वर अळ्या, बहुतेक लहान, पांढऱ्या खुणेच्या चाळीसेक. मुक्काम वाढला, पैसे ठरल्यापेक्षा दुपटीच्या जवळ गेले. पण पूर आला म्हणून परत फिरू नका. पट्ट्या न्या आणि आठवडा हाताशी ठेवा.

कोषही आणले. प्रत्येक कोष वेगळ्या नळीत, खाली ओला टिपकागद, तोंडाला कापूस. बावीसपैकी चौदा माश्या निघाल्या. दिवसभर ठेवून, वाळवून बघितल्या: झुपके फिकट, चौदाच्या चौदा. प्रूच्या पाण्यातून हाताने वाढवलेली माशी आणि काठावर चावणारी माशी, दोन्हींची पहिल्यांदाच गाठ पडली.

२१ ऑगस्ट, अक्रा

प्रूच्या नव्या अळ्यांतल्या एकतीस स्लाइड वाचता आल्या, नऊ नाही. सगळ्या गवताळ गटाच्या. प्राच्या लेबल शाबूत असलेल्या पाच बाटल्यांपैकी तीन संपल्या. त्यांत सगळ्या जंगली. दोन बाकी आहेत, त्यामुळे प्राबद्दल आज काहीच लिहीत नाही. प्रत्येक अळीचं डोकं वेगळ्या नळीत अल्कोहोलमध्ये फ्रीझरला ठेवायला सुरुवात केली आहे, पुढे डीएनए बघायचा झाला तर तीच अळी हाताशी असावी. हे पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं.

लेबलांची नवी रीत: पेन्सिल, जाड कागद, बाटलीच्या आत. बाहेरही एक, पण ते नुसतं शोधायला. प्रू आणि प्रा हे शब्द बाद. गवताळासाठी 'ग', जंगलासाठी 'ज', पुढे तारीख आणि आकडा. पुढच्या फेरीला मी नसेन, लेबलं पापाच लिहिणार, म्हणून ते म्हणाले, "मला अक्षरं शिकव." 'ज' त्यांना लगेच आला. 'ग'चा दांडा ते आधी काढतात आणि पोट मागून चिकटवतात. वाचता येतो.